सोनखतात विष कोणी कालवले?

शहराने खेड्याकडून धान्य घ्यावे आणि त्या बदल्यात खेड्याच्या जमिनीला तिचे सत्त्व परत करावे, हा व्यवहार जितका जुना तितकाच न्याय्य आहे. मैल्यापासून तयार होणाऱ्या खताला मराठी शेतकऱ्याने ‘सोनखत’ हे नाव दिले ते उगाच नव्हे. रत्नागिरीच्या तुरुंगात १९३२ साली सफाईचे काम आपल्याला करू द्यावे म्हणून उपोषणाला बसलेल्या अप्पासाहेब पटवर्धनांनी पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात याच सोनखताचा ध्यास घेतला. मैला ही घाण नसून संपत्ती आहे आणि तिची व्यवस्था लावणे हे कोणा एका जातीच्या कपाळी लिहिलेले काम नाही, ही दोन्ही सूत्रे त्यांनी एकत्र गुंफली. मार्क्सनेही ‘भांडवल’च्या तिसऱ्या खंडात लंडनचा मैला थेम्स नदीत ओतला जातो या उधळपट्टीवर नेमके बोट ठेवले होते. तेव्हा मैलापाण्याचा गाळ शेतात जावा की जाऊ नये, असा वाद येथे घालण्याचे कारण नाही. तो जावा. प्रश्न आहे तो त्या गाळात आज काय काय कालवलेले असते, ते कोणी कालवले आणि ते निस्तरायचे कोणी, हा.

अमेरिकेचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. न्यूयॉर्क शहर आपल्या मैलाशुद्धीकरण केंद्रांतील गाळ वर्षानुवर्षे जहाजांत भरून अटलांटिक महासागरात टाकीत असे. १९८८ साली अमेरिकन काँग्रेसने कायदा करून ही प्रथा बंद केली आणि १९९२ साली शेवटची जहाजे थांबली. समुद्र सुटला, मग हा गाळ जमिनीकडे वळला. याच सुमारास सांडपाणी व्यवसायातील संघटनेने त्याचे नवे बारसे केले. ‘स्लज’ या शब्दाला दुर्गंधी चिकटलेली होती, म्हणून ‘बायोसॉलिड्स’ हे सुवासिक नाव शोधून काढण्यात आले. नाव बदलले की वासही जातो, ही समजूत केवळ आपल्याच सरकारी कचेऱ्यांत आहे असे नव्हे. १९९३ साली तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेने शेतात जाणाऱ्या गाळासाठी नियम केले. त्यात रोगजंतूंची मर्यादा आली. आर्सेनिक, कॅडमियम, शिसे, पारा यांसारख्या नऊ मूलद्रव्यांचा विचार झाला. घरोघरच्या मोऱ्यांतून रोज वाहणाऱ्या कृत्रिम सेंद्रिय रसायनांसाठी मात्र एकही मर्यादा त्या नियमांत नव्हती.

आणि मोऱ्यांतून काय वाहत होते? ट्रायक्लोसान आणि ट्रायक्लोकार्बान ही दोन नावे सामान्य वाचकाला अपरिचित वाटतील. पण साबण, टूथपेस्ट, दुर्गंधीनाशके, इतकेच काय, भाजी कापायच्या फळ्या आणि मुलांची खेळणी यांतूनही ही जंतुनाशके कित्येक वर्षे घराघरांत शिरलेली होती. ट्रायक्लोकार्बान १९५० च्या दशकातले, ट्रायक्लोसान १९६० च्या दशकातले. आरंभी त्यांचे स्थान रुग्णालयात होते. शस्त्रक्रियेपूर्वी शल्यविशारदाने हात धुवायच्या द्रावणात ट्रायक्लोसान असणे समजण्यासारखे आहे. तेथून ते बाजारात आले ते रोगराई वाढली म्हणून नव्हे. त्यापूर्वीचे लाडके जंतुनाशक हेक्झाक्लोरोफीन होते. फ्रान्समध्ये १९७२ साली कारखान्यातील चुकीमुळे बालकांच्या पावडरीत त्याचे प्रमाण भलतेच वाढले, ३६ बालके दगावली आणि त्याच वर्षी अमेरिकेतही त्यावर निर्बंध आले. रिकाम्या झालेल्या जागेवर दुसरे रसायन येऊन बसले. एक गेले की दुसरे, हा क्रम पुढेही दिसणार आहे.

या रसायनांचा स्वभाव ध्यानात घेतला म्हणजे पुढचे सारे उलगडते. त्यांच्या रेणूत क्लोरीन असते. पाण्यात ती नीट विरघळत नाहीत. चरबीला आणि बारीक कणांना मात्र घट्ट चिकटतात. मैलाशुद्धीकरण केंद्राची रचनाच अशी असते की जड कण टाकीच्या तळाशी बसावेत, पाणी वरून निघून जावे, उरलेली घाण जिवाणूंनी खावी आणि त्या जिवाणूंचाही पुन्हा गाळच व्हावा. नंतर हा गाळ बंद टाकीत, हवेशिवाय, काही आठवडे कुजवितात. क्लोरीनयुक्त जंतुनाशक या वाटेने आले की ते पाण्याबरोबर जात नाही; गाळाबरोबर खाली बसते. हवा नसलेल्या टाकीत त्याचे विघटनही फारसे होत नाही. नदीत सोडलेले पाणी तपासणाऱ्या अधिकाऱ्याला ते ‘नाहीसे’ झालेले दिसते आणि केंद्राची कार्यक्षमता नव्वद टक्क्यांवर असल्याचा अहवाल सुखाने फायलीत जातो. पाण्यातून काढलेली वस्तू जगातून काढलेली नसते, एवढे साधे गणित त्या अहवालात बसत नाही.

हे गणित रोल्फ हाल्डेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडले. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळील एका मोठ्या केंद्रात आत येणारे आणि बाहेर जाणारे प्रत्येक मिलिग्रॅम त्यांनी मोजले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार आत आलेल्या ट्रायक्लोकार्बानपैकी सुमारे तीन चतुर्थांश भाग गाळात जसाच्या तसा उरला होता. ट्रायक्लोसानच्या बाबतीत, २००७ च्या निष्कर्षानुसार, हा वाटा सुमारे निम्मा होता. कोरड्या गाळाच्या एका टनात ५१ ग्रॅम ट्रायक्लोकार्बान आणि ३० ग्रॅम ट्रायक्लोसान! मैलापाण्यात लिटरमागे मायक्रोग्रॅमच्या भाषेत मोजावे लागणारे द्रव्य गाळात हजारो पटींनी दाट झालेले होते. एका केंद्राचे उदाहरण म्हणून हे बाजूला सारता आले असते. परंतु २००९ च्या जानेवारीत पर्यावरण संरक्षण संस्थेनेच स्वतःची राष्ट्रीय पाहणी प्रसिद्ध केली. ७४ केंद्रांतील ८४ नमुन्यांपैकी ट्रायक्लोकार्बान सर्वच्या सर्व ८४ नमुन्यांत आणि ट्रायक्लोसान ७९ नमुन्यांत सापडले. सर्वाधिक प्रमाण ट्रायक्लोकार्बानचे टनामागे ४४१ ग्रॅम, तर ट्रायक्लोसानचे १३३ ग्रॅम होते. हाच गाळ, देशातील एकूण गाळाचा साधारण निम्मा हिस्सा, शेतांत आणि कुरणांत पसरला जात होता.

तेथून पुढे काय होते? येथे अतिशयोक्ती टाळली पाहिजे, कारण अतिशयोक्तीचा लाभ नेहमी कारखानदारालाच मिळतो. शेतात पसरल्यावर ट्रायक्लोसान मातीतल्या जिवाणूंच्या हाती लागते आणि हवेशीर जमिनीत काही आठवड्यांत वा महिन्यांत त्याचे बरेच विघटन होते. ट्रायक्लोकार्बान त्याहून चिवट असते. गाळ टाकलेल्या सोयाबीनच्या शेतातील गांडुळांच्या शरीरात ट्रायक्लोसान आढळले आहे. काचघरातील प्रयोगात सोयाबीनच्या रोपांनी ही द्रव्ये मुळांवाटे शोषून घेतलेली दिसली. असे धान्य खाऊन माणसे आजारी पडली असे मात्र कोणी दाखविलेले नाही. आरोप वेगळाच आहे. जमिनीची सुपीकता ज्या जिवाणूंवर आणि ज्या गांडुळांवर अवलंबून असते, त्यांच्याच अंगावर जंतू मारण्यासाठी बनविलेले द्रव्य दर हंगामाला टाकले जात होते. आणि ते टाकण्यापूर्वी त्याचा परिणाम तपासण्याची जबाबदारी कायद्याने कोणावरही टाकलेली नव्हती.

नदीच्या बाजूनेही एक धडा मिळाला. ट्रायक्लोसानवर आणि त्याच्या क्लोरीनयुक्त भावंडांवर सूर्यप्रकाश पडला की त्यांतून डायॉक्सिन गटातील काही रसायने तयार होतात. मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी मिसिसिपी नदीवरील लेक पेपिनच्या तळाचा गाळ थरांनी काढून तपासला. कारखान्यांच्या धुराड्यांवर निर्बंध आल्यामुळे इतर डायॉक्सिने तीस वर्षांत ७३ ते ९० टक्क्यांनी घटली होती; ट्रायक्लोसानपासून होणारी चार मात्र २०० ते ३०० टक्क्यांनी वाढली होती. धुराडे बंद करून घेतले आणि न्हाणीघर उघडे राहिले. याच मिनेसोटा राज्याने २०१४ साली ट्रायक्लोसानयुक्त साबणांवर बंदीचा कायदा केला हा योगायोग नव्हे.

एवढे सारे कशासाठी सोसायचे होते? या प्रश्नाचे उत्तर कराचीच्या झोपडवस्त्यांनी दिले आहे, आणि ते आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ असावे. काही कुटुंबांना साधा साबण आणि काहींना ट्रायक्लोकार्बान घातलेला साबण देण्यात आला. दोन्हींचे रूप सारखेच होते. कार्यकर्ते घरोघर जात, हात केव्हा आणि कसे धुवावेत हे समजावून देत. साबण न मिळालेल्या वस्त्यांशी तुलना करता पाच वर्षांखालील मुलांतील न्यूमोनिया निम्म्याने घटला आणि अतिसार निम्म्याहून अधिक घटला. २००५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष छापून आले. महत्त्वाची गोष्ट ही की साध्या साबणाने जे साधले तेच जंतुनाशक साबणाने साधले. कणभरही अधिक नाही. आणि या अभ्यासाच्या खर्चात साबण बनविणाऱ्या कंपनीचाच वाटा होता! मुले वाचविली ती साबणाने, पाण्याने आणि घरोघर फिरणाऱ्या बायाबापड्यांच्या कष्टांनी. वडीवर छापलेल्या ढालीच्या चित्राने एकही मूल वाचविले नाही.

मग ही द्रव्ये चार दशके बाजारात राहिली कशी? अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९७२ पासून अशा जंतुनाशकांची छाननी आरंभली. १९७८ साली मसुदा निघाला. ट्रायक्लोसान रोजच्या वापरासाठी सुरक्षित आणि परिणामकारक असल्याचा पुरावा अपुरा आहे, असे त्यातून स्पष्ट होत होते. तो मसुदा अंतिम झाला नाही. १९९४ साली सुधारित मसुदा निघाला. तोही मसुदाच राहिला. मसुदा म्हणजे बंदी नव्हे, म्हणून विक्री चालू राहिली. विक्री चालू राहिली म्हणून मोऱ्या वाहत राहिल्या. २००३-०४ मध्ये तपासलेल्या अमेरिकन नागरिकांपैकी सुमारे ७५ टक्के लोकांच्या लघवीत ट्रायक्लोसान मिळाले. अखेर एका पर्यावरणवादी संघटनेने २०१० साली प्रशासनालाच न्यायालयात खेचले, तेव्हा कालमर्यादा ठरली. सप्टेंबर २०१६ मध्ये निर्णय झाला: घरगुती वापराच्या साबणांतून ट्रायक्लोसान, ट्रायक्लोकार्बान आणि आणखी १७ द्रव्ये वर्षभरात काढून टाकावीत, साध्या साबणापेक्षा ती अधिक उपयोगी आहेत आणि दीर्घकाळ सुरक्षित आहेत हे उत्पादकांना सिद्ध करता आलेले नाही. म्हणजे ३८ वर्षांनंतर प्रशासन तेथेच पोहोचले जेथून ते निघाले होते. या ३८ वर्षांतला नफा कंपन्यांच्या ताळेबंदात आहे, आणि या ३८ वर्षांतला गाळ शेतांत.

या निर्णयाचे स्वागत करतानाही त्याचे तोकडेपण नजरेआड करता येत नाही. तो घरगुती साबणापुरता होता. टूथपेस्ट त्यात नव्हती. एका विख्यात कंपनीने २०१९ साली आपल्या टूथपेस्टमधून ट्रायक्लोसान काढले ते आपणहून. रुग्णालयांतील वापराचा विचार वेगळा झाला. आणि बेन्झाल्कोनियम क्लोराइडसह तीन पर्यायी जंतुनाशकांचा निकाल लांबणीवर टाकण्यात आला, कंपन्यांना माहिती गोळा करण्यासाठी वेळ देण्यात आला, त्या मुदतीला पुन्हा पुन्हा मुदतवाढ मिळत गेली. बेन्झाल्कोनियमच्या वर्गातील ही द्रव्येही गाळाला घट्ट चिकटतात. २०२० च्या साथीत त्यांचा वापर फरशा पुसण्यापासून हात धुण्यापर्यंत सर्वत्र वाढला. हेक्झाक्लोरोफीन गेले, ट्रायक्लोसान आले. ट्रायक्लोसान गेले, हे आले. एकेक रसायन पकडून त्याच्यावर चाळीस वर्षे खटला चालवायचा आणि तोवर त्याच्या जागी दुसरे उभे करायचे, या पद्धतीत कारखानदार कधीच हरत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या अंतर्गत तपासणी अधिकाऱ्यांनी २०१८ साली आपल्याच संस्थेवर ठपका ठेवला की गाळात ३५२ प्रदूषके सापडली आहेत आणि त्यांची सुरक्षितता ठरविण्यासाठी माहिती वा साधने संस्थेकडे नाहीत. मेन राज्याला तर २०२२ साली, वेगळ्याच वर्गातल्या न विघटणाऱ्या रसायनांमुळे शेते नापीक ठरू लागली तेव्हा, जमिनीवर गाळ टाकण्यालाच बंदी घालावी लागली. सोनखताचा मार्गच बंद झाला. शेतकऱ्याचे दोन्हीकडून नुकसान: आधी जमीन बाटली, मग खत गेले.

भारतीय वाचकाला यात अधिक अस्वस्थ करणारी गोष्ट दुसरी आहे. ट्रायक्लोसान जिवाणूला हातोड्याने फोडावे तसे फोडते, म्हणून त्याला प्रतिकार उत्पन्न होणे शक्य नाही, असे फार काळ सांगितले जात होते. १९९८ साली टफ्ट्स विद्यापीठातील स्टुअर्ट लेव्ही यांच्या चमूने दाखविले की तसे नाही. जिवाणूचे आवरण घडविणारे एक ठरावीक विकर ते निकामी करते, आणि त्या विकरात बदल झाला की जिवाणू वाचतो. क्षयरोगाच्या जिवाणूतही याच जातीचे विकर आहे आणि आयसोनियाझिड हे क्षयावरचे मुख्य औषध नेमके त्याच्यावरच घाव घालते. क्षयजंतूच्या एका निरुपद्रवी नातलगावर प्रयोग करताना ट्रायक्लोसानला दाद न देणारे काही जिवाणू आयसोनियाझिडलाही दाद देईनासे झाले. हे प्रयोगशाळेतले आहे. शेतातील गाळापासून क्षयरुग्णाच्या छातीपर्यंतची साखळी जोडली गेलेली नाही. पण ज्या देशात क्षयाचे रुग्ण जगात सर्वाधिक आहेत, त्या देशाने ही साखळी जुळते की नाही हे आपल्या गरिबांच्या फुप्फुसांवर पाहावे काय?

आपल्याकडे या प्रश्नाचा आरंभच वेगळ्या टोकाने होतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे देशातील शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी निर्माण होत होते आणि त्यांपैकी प्रत्यक्षात २०,२३६ दशलक्ष लिटरवर प्रक्रिया होत होती. उरलेले नाल्यांतून नदीत. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तमिळनाडूतील ताम्रपर्णी नदीच्या पाण्यात लिटरमागे ५ मायक्रोग्रॅमहून अधिक ट्रायक्लोसान सापडले. त्या काठावर ते शुद्धीकरण केंद्रातून आले नाही, घराघरांतून सरळ आले. आता केंद्रे वाढत आहेत आणि ती वाढलीच पाहिजेत. मुंबईतील सात नव्या केंद्रांची पायाभरणी जानेवारी २०२३ मध्ये झाली. पाणी स्वच्छ होईल त्या प्रमाणात गाळ वाढेल, आणि तो कोठे जाणार याचे उत्तर पायाभरणीच्या कोनशिलेवर कोरलेले नसते. शहरी कंपोस्टासाठी १९८५ च्या खत नियंत्रण आदेशात जड धातूंच्या मर्यादा आहेत. घरगुती जंतुनाशकांचे त्यात नाव नाही. म्हणजे अमेरिकेने १९९३ साली जी चूक केली ती जशीच्या तशी आपल्या दप्तरात ठेवलेली आहे, आणि ती दुरुस्त करण्याची वेळ गाळाचे डोंगर उभे राहण्यापूर्वीची आहे, नंतरची नाही.

या गाळाला प्रथम हात लागतो तो शेतकऱ्याचाही नव्हे. टाकीचा तळ उपसणारा, वाळवणीवर गाळ पसरणारा, ट्रकमध्ये फावड्याने भरणारा कामगार बहुधा कंत्राटी असतो, आणि तो कोणत्या समाजातून येतो हे सांगण्याची आवश्यकता नाही. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध २०१३ चा कायदा आहे. यंत्रे आली तेथेही गाळाशी अखेरचा संबंध माणसाच्या कातडीचाच राहतो. नऊ धातूंची असो वा तीनशे प्रदूषकांची, कोणतीही यादी करताना त्याच्या कातडीचा विचार कोणीही केलेला नाही.

नगरपालिका आणि महानगरपालिकांतील कार्यकर्त्यांना येथे तातडीने करण्यासारखे काम आहे. नव्या केंद्रांच्या निविदा आणि गाळविक्रीचे करार सर्वसाधारण सभेपुढे येतील तेव्हा गाळाच्या तपासणीत जड धातूंच्या जोडीला ट्रायक्लोसान, ट्रायक्लोकार्बान आणि बेन्झाल्कोनियम वर्गातील द्रव्ये यांचा समावेश आहे काय, हे विचारले पाहिजे. खत घेणाऱ्या शेतकऱ्याला अहवाल मराठीत आणि गोणीबरोबर मिळतो काय, हेही विचारले पाहिजे. तपासणीचा खर्च महापालिकेच्या पाणीपट्टीतून न काढता ही द्रव्ये विकणाऱ्या उद्योगावर आकारावा, अशी मागणी विधिमंडळात नेता येईल. आणि आरोग्यकेंद्रांतून, शाळांतून, वस्तीवस्तीतून हात धुण्याचा जो प्रचार चालतो त्यात साबणाच्या कोणत्याही छापाचे नाव येऊ देऊ नये. कराचीच्या आयांनी साध्या वडीनेच हात धुतले होते; ती वडी आपल्या शिधावाटप दुकानांतून रास्त भावात मिळते की नाही, ही चौकशी याच आठवड्यात सुरू करता येण्यासारखी आहे.